‘टेकवा’ कोणी म्हणायचं

—नाही, उठायचं नाही. पडून राहा, जावईबापू. भट्टी काही पळून जात नाही, आणि पळाली तर बरंच! हं, हे मीठ-साखरेचं पाणी घ्या — घोट घोट, घटाघटा नाही. पाय त्या पोत्यावर ठेवा. माझ्यासमोर पाय कसे पसरू? अहो, आत्ताच भर कारखान्यात माझ्यापुढे लोटांगण घातलंत, आता कसली लाज! सगळे म्हणत होते, सासऱ्याला एवढा मान देणारा जावई पाहिला नाही.

हसलात? हसा. मघाशी तोंड पांढरंफटक पडलं होतं, अंग ओलं आणि गार. मी एरवी बोलत नाही एवढा — तुमच्या सासूबाई म्हणतात, घर पेटलं तरी हे ‘जरा उकडतंय’ एवढंच म्हणतील. पण मला सांगा, डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा बोलला का नाहीत? वितळलेल्या पितळेनं भरलेली मूस, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी — एकाचा हात सुटला की दोघांचे पाय गेले! काय? मूस खाली ठेवायला ‘टेकवा’ थोरल्यानंच म्हणायचं असतं? हो, रीत आहे तशी. जोडीत जो वडीलधारा, त्याचा शब्द. म्हणजे तुम्ही वाट बघत होतात, सासरे म्हणतील. आणि सासरे काय करत होते? तेही वाट बघत होते, जावई म्हणेल! तरणाताठा गडी चालतोय, मग मी कसा थांबू? लेक म्हणेल, बाबा थकले. माझ्या तर सकाळपासून कानात शिटी वाजतेय, पोटऱ्यांत गोळे येतायत, पण म्हटलं — हे कुठे बोलू नका हं. तिच्याजवळ तर मुळीच नाही. मूस खाली ठेवली आणि मग पडलात, म्हणून बरं. नाहीतर तिला काय तोंड — जाऊ दे. पाणी प्या.

ती रीत गेली चुलीत. यापुढे ज्याला आधी गरगरेल त्यानं म्हणायचं. आणि आज दोघांनीही भट्टीकडे फिरकायचं नाही. मुकादम ओरडेल? ओरडू दे. थांबा, मीच सांगून येतो, हा असा उठतो आणि —

अहो, जरा पलीकडे सरका, मलाही टेकू द्या. काही नाही, काही नाही. सरका म्हणतोय ना. तिकडून हाक मारा मुकादमाला, म्हणावं आज दोघांची सुट्टी. आणि मग गप्प पडा — किती बोलता तुम्ही!