निरगाठ की सुरगाठ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शामराव विशे आणि पंखे बंद असूनही नेटाने बसलेल्या शहापूरकरांनो,

मी स्नेहल, माहेर मुरबाड. इथल्या शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे माझे 'दोन शब्द' दोनशेच्या खाली येत नाहीत. अध्यक्षांनी घंटा हाताशी ठेवावी.

शामरावांनी देशोदेशी ताणलेल्या कापडाची छपरं उभी केली. स्टेडियमवर, विमानतळावर, कुठे कुठे. आता निवृत्त होऊन ते परवा परदेशी मुलाकडे निघालेत, कायमचे. मघाशी त्यांनीच सांगितलं, हलक्या छपराला वजनाची नाही, वाऱ्याची भीती, आणि हे ते मुरबाडच्या एका मांडवात शिकले. तो मांडव माझ्या लग्नाचा होता, हे सांगायचं मात्र त्यांनी खुबीने टाळलं.

शाम माझ्या भावाचा, मनोजचा, दोस्त. खर्डीहून यायचा. कॉलेजच्या सुट्टीत नवसूदादांच्या हाताखाली मांडव बांधायचा. त्या दिवशी मुहूर्ताला तासभर उरला असताना वारा सुटला आणि अख्खा मांडव बांबूंसकट उडून पलीकडच्या शेतात गेला. नवसूदादांनी कपाळाला हात लावला. "निरगाठी मारल्यास व्हय रे? वाऱ्याला वाट ठेवायची. सुरगाठ असती तर नुसतं कापड सुटलं असतं, मांडव नसता गेला."

सगळे शामवर तोंडसुख घेत होते. मी आत मुंडावळ्या बांधून बसले होते आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं, आता लग्न थांबेल. पण आमची माणसं कुठली ऐकायला? शाळेच्या व्हरांड्यात, ठरल्या वेळी, अक्षता पडल्या. संसार चांगला झाला. हे होते तोवर माझी काही तक्रार नव्हती, आजही नाही. पण शामची आठवण आली नाही, असा एकही मे महिना गेला नाही.

तर शाम, ते राव-बिव राहू दे. तीन सुट्ट्या मांडव बांधणाऱ्या हाताला सुरगाठ ठाऊक नव्हती? ती खरंच चूक होती का रे? परवा तू जाशील, मग मी कुणाला विचारू?

मान हलवली. चूक नव्हती म्हणतोय. मनोज, पाणी दे त्याला.

असो. अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. विचारायला चाळीस वर्षं लावली, त्याची माफी मात्र मी शामकडेच मागते.