अहेरीला निघालेला मेपल

सत्त्याऐंशीचा मे. बल्लारपूरच्या स्टँडवर अहेरीच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटीच्या कडेवर कुंडी होती.

"सत्यशीला, हे जपानी झाड माहेरीच राहू दे. उन्हानं मरन."

"नाई ताई. यायनं फौजेतून येतानी आणलं. कुंडी मोठ्या कुंडीत ठेवतो, दोन्हीच्या मधात ओली रेती भरतो. मुळं थंडी राह्यतात."

"पण तुह्या भासऱ्यानं सांगतलं ना, नवरा गेला, आता माहेरीच राहा म्हणून?"

"घर मी अन् यायनं मिळून बांधलं. यायच्या मोठ्या भावानं नाई."

"दारातूनच हाकललं तर?"

"कुंडी ओसरीवर ठेवीन अन् विहिरीवर जाईन. झाडाले पाणी लागन ना."