रुपयानं सोडवलेली कुस्ती

अहो, मी एकदा न पडता हरलोय, खोटं नाही सांगत. उचगावच्या जत्रेत माझी कुस्ती निपाणीच्या भरमू पैलवानाशी लागली होती. दोन तास झटलो, पण दोघांपैकी कुणाचीच पाठ मातीला लागेना. दिवस मावळायला आला, तेव्हा पंचांनी खिशातला रुपया उडवला. छाप पडली आणि भरमू जिंकला. समोर माझे वडील बसले होते. मला रडूच फुटलं.

पंच मानाचा फेटा बांधायला आले, तर भरमू मागं सरला.

"मी कुठं पाडलंय ह्येला? रुपयानं पाडलंय. फेटा त्येलाच बांधा."

पंच चिडले. "मग दोघं बरोबरीत असल्यावर निकाल लावायचा कसा, तूच सांग!"

भरमूनं काही फेटा बांधून घेतला नाही, आणि मीही नाही. फेटा पंचांकडेच राहिला.

पुढच्या वर्षी त्यांनी आमची कुस्ती सकाळीच लावली, म्हणजे अख्खा दिवस हाताशी. भरमूनं मला दहा मिनिटांत चीतपट केलं.

पडल्या पडल्या मी विचारलं, "भरमू, गेल्या साली रुपयाला ह्ये ठावं हुतं व्हय रं?"

फेटा बांधून घेत तो म्हणाला, "मीबी त्योच इचार करतोय, अण्णा."