उजव्या अंगठ्याची नोंद

हसा तुम्ही, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणाऱ्या मला चाकणच्या कंपनीत इमर्जन्सी टीममध्ये घेतलंय, हे खरं आहे.

त्या दुपारी सायरन वाजला आणि हातातला चहा माझ्याच बुटांवर सांडला. पत्रा दाबायच्या प्रेस मशिनमध्ये दत्ताभाऊंचा, म्हणजे आमच्या एका कंत्राटी कामगाराचा, उजवा अंगठा चेचला होता. मी बँडेज बांधत होते आणि थरथरतही मीच होते.

"सावकाश, मॅडम. हात माझाच हाय, पळून जात न्हाई," ते म्हणाले.

गेटवर हजेरीचं मशिन दिसताच ते थांबले. "जाताना पंच करू द्या, न्हाईतर दिवस धरत न्हाईत."

"मग डावा अंगठा लावा पटकन."

"नोंद उजव्याचीच हाय."

"हजेरीचं मी बघते, भाऊ," म्हणत मी त्यांना ओढतच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलं.

अपघाताचा रिपोर्ट मी दिल्याशिवाय त्यांना भरपाई मिळणार नव्हती, म्हणून मी तो त्याच संध्याकाळी दिला. चार दिवसांनी ऑफिसातल्या साहेबांनी तो परत केला. तोवर डॉक्टरांनी अंगठा काढून टाकला होता.

"मॅडम, पंच आऊट नाही, म्हणजे हा माणूस त्या दिवशी गैरहजर. गैरहजर माणसाला कंपनीत अपघात कसा होईल?"

"सर, बँडेज मी स्वतः बांधलंय."

साहेब जरा विरघळले. "ठीक आहे, हजेरी दुरुस्त करता येते. फक्त त्यांना स्वतः येऊन मशिनवर अंगठा लावायला सांगा."