बुवांना ताल द्या

वसईत मेंदूच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारी गिरीज गावचे एक कीर्तनकार बुवा, त्यांची बायको आणि मुलगा जितेश. नंबर पुकारला, तसे बुवा उठले आणि कंपवाताने जागीच खिळले.

"चला ना बाबा."

"पाय चिकटलेत रे जमिनीला."

"थांबा, मी ओढतो."

"ओढू नकोस, पडतील! अहो, आज आपल्या पायांनी आत गेला नाहीत, तर डॉक्टर गोळी वाढवणार."

"नको गं. त्या गोळीने मला भिंतीवर माणसं दिसतात."

"म्हणून तर सांगते. व्यायामाच्या बाई काय म्हणाल्या? मेंदूतली चालायची वाट बुजली, पण तालाची शाबूत आहे. तिथून पाय हलवायचे."

"मी देतो ताल. एक, दोन, एक, दोन..."

"परेड आहे का जितेश? आईला देऊ दे. अगं, पण समोर काय उभी राहतेस? टाळकरी मागे असतात."

"बरं, आले मागे. विठ्ठल... विठ्ठल... विठ्ठल..."

"उचलला! आई, बाबांनी पाय उचलला!"

"गप रे, माझी टाळी चुकेल. विठ्ठल... विठ्ठल..."

"दार आलं बाबा, दोनच पावलं. आई! थांबलीस का? बघ, परत अडकले!"

"काय झालं गं?"

"काही नाही. डोळे भरून आले."

"डोळे घरी जाऊन पूस. आधी मला उंबरठा ओलांडू दे."

"विठ्ठल... विठ्ठल..."

"या बुवा, या! आज गोळी वाढवायला नको. बसा."

"बसतो हो डॉक्टर. पण हिला कोणीतरी टाळी थांबवायला सांगा."