ऐंशी टक्के

शहाडच्या चार्जिंग स्टेशनवर माझ्या पुढच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीपाशी नवरा-बायको बोलत होते.

“ऐंशी टक्के झाली. काढ वायर सगुणा, घरी जाऊ.”

“फुल होऊ दे ना. नाशिकला जाऊ, लेकीकडे.”

“सेकंडहँड बॅटरी आहे. कसारा घाटात बंद पडेल.”

“नातवाच्या बारशाला हेच बोललात, उष्टावणाला पण हेच.”

“मग खोटं बोलतो का मी?”

“एसी बंद ठेवला की चढते. इगतपुरीला परत चार्ज करायची.”

“तुला कोण बोललं?”

“कोण कशाला? तुम्ही भिवाच्या हळदीला दोन दिवस गेलेलात, तेव्हा मीच नाशिकला नेलेली.”

“एकटी?”

“एकटी.”

“...पोरगा कोणावर गेलाय?”

“येऊन बघा.”

“थांब. वायर नको काढू.”