सत्तावीस किलोच्या आठ स्प्रिंगा

— नाही हो, त्या डब्यावर नको, ग्रीस आहे. या स्टुलावर बसा. मिस्त्री येतीलच. तुमचं इंजिन आज सुरू व्हायचंय म्हणून दाढी करायला गेलेत, नवरदेवासारखे! मी शेजारची. हा वजनकाटाही माझाच — महिनाभर इथंच पडलाय, आणि त्याच्यामागं मी. आमचे हे म्हणतात, गॅरेजात नोकरी धरलीस का? काय करणार? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तोलायला दोन माणसं लागतात. मिस्त्री ड्रिलच्या दांडीनं स्प्रिंग काट्यावर दाबणार, ठरल्या उंचीपर्यंत, आणि मी आकडा वाचणार. आठही सारख्या हव्यात, सत्तावीस किलो. कमी भरली की खाली पातळ वॉशर — पुन्हा दाब, पुन्हा वाच. नव्या का नाही घातल्या? त्या फार ताठ, जुना कॅम झिजवतात म्हणे — कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. म्हणून जुन्यांतूनच निवडायच्या. साठ-सत्तर तरी दाबल्या असतील, डोळे मिटले तरी आकडे दिसतात मला. — स्वतः का नाही वाचत? अहो, दिसतंय कुठे त्यांना... म्हणजे, चष्मा बदलायचाय. बदलला. दोनदा. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. पुढच्या आठवड्यात लेक त्यांना न्यायला येतेय. हे शेवटचं इंजिन. चालू झालेलं ऐकून जायचंय, बास.

सात जमल्या, आणि आठवी भरली चोवीस. दोन वॉशर घातले, तरी पंचवीस. तिसरा घातला तर व्हॉल्व्ह उघडताना वेटोळी एकमेकांना टेकतात, स्प्रिंग मोडतेच मग. म्हणजे पुन्हा शोधाशोध, पुन्हा महिना. मिस्त्रींनी दांडी तशीच दाबून धरली होती. "किती?" म्हणाले. मी म्हटलं, सत्तावीस. — त्यांच्यासाठीच म्हटलं, असं इतके दिवस मनाला सांगतेय. खरं सांगू? मीच थकले होते हो.

असं बघू नका. इंजिनात पंख्याकडून तिसरी बसवलीय ती. दुसऱ्या कुणाकडून गुपचूप बदलून घ्या, तोवर गाडी पळवू नका. गाडी हळू चालवली तर कमजोर स्प्रिंग गप्प बसते, पळवली की बोलते — त्यांचंच वाक्य. आणि डोळे गेले तरी कान तिखट आहेत त्यांचे. म्हणून आज ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवा, जोर देऊ नका. — आले बघा, फाटक वाजलं. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. उठा, व्हा पुढं. माझी भांडी पडलीत तिकडे.